गाडी उभी कुठे राहील, हा दुसरा प्रश्न

विचारणारं जोडपं डोंबिवलीचं, दोघंही साठीच्या उंबरठ्यावर. निवृत्तीनंतर कोकणात राहायला यायचंय. दोन घरं डोळ्यांत भरली आहेत. एक रत्नागिरी शहरातला दोन बेडरूमचा जुना फ्लॅट. इमारतीला वीस वर्षं झालेली, सोळा बिऱ्हाडं आणि खाली स्टिल्टमध्ये, म्हणजे खांबांवर उचललेल्या मोकळ्या तळमजल्यात, जेमतेम नऊ गाड्या. दुसरं गुहागरच्या अलीकडच्या एका वाडीतलं चिऱ्याचं कौलारू घर. गाडी वरच्या रस्त्याला थांबते आणि पुढे साठ-सत्तर पावलं पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरून जायचं. एक कच्ची वाट आहे खालून, शेजाऱ्याच्या आगरातून, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेतून, तिथून छोटी गाडी दारापर्यंत येते. दोन्हीकडे विकणारे म्हणतात, "पार्किंगची काही अडचण नाही हो." तर घ्यावं का, आणि घेतलं तर काय बघून?

मी सिव्हिल इंजिनिअर. चिपळूण, गुहागर, रत्नागिरी या पट्ट्यात पंचवीस वर्षं घरं बांधतोय आणि बँकांसाठी घरांची किंमत काढून देतोय. या काळात "अडचण नाही" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्याचा अर्थ मला पाठ आहे. अडचण नाही म्हणजे आजवर कुणी अडवलेलं नाही. अडवतात ते घर विकलं गेल्यावर. जुना मालक गावातला, लग्नाकार्यात वाढायला उभा राहणारा. त्याची गाडी खपवून घेतात. तुम्ही मुंबईहून आलेले.

म्हणून मी जागा किती आहे ते नंतर मोजतो. आधी विचारतो, ही गाडी इथे कुठल्या हक्काने उभी राहते आणि इथपर्यंत कुठल्या हक्काने येते? उभी करायला जागा नसली तर भाड्याने मिळते, पाच मिनिटं चालायची तयारी ठेवली की भागतं. पोचायचा हक्क नसेल तर तो मागाहून मिळवताना दोन पिढ्या जातात.

आधी फ्लॅट. विकणारा तुम्हाला खांबावर रंगवलेला आकडा दाखवेल, "हे सात नंबर आपलं." रंग कुणीही मारतो. त्या सातचा कागद मागा. बहुतेक वेळा पुढे येते ती बिल्डरची जुनी पावती, पार्किंगपोटी अमुक रक्कम मिळाली अशी. इथे एक निकाल ठाऊक असू द्या. नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी सांगितलं की स्टिल्टमधली जागा म्हणजे स्वतंत्र सदनिका नव्हे. बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही, ती इमारतीची सामायिक जागा आहे. म्हणजे तुमच्या विक्रेत्याने वीस वर्षांपूर्वी पैसे मोजले असतील, पावती खरीही असेल, पण त्या पावतीवर तो तुम्हाला जागेची मालकी देऊ शकत नाही. प्रत्यक्षात काय होतं? बऱ्याच इमारतींत लोक त्या पावत्यांचा मान ठेवतात, शेजारधर्म म्हणून. कमिटी बदलली, दोन नव्या गाड्या आल्या, की मान संपतो.

सोसायटी असेल तर पार्किंगचं धोरण सर्वसाधारण सभा ठरवते. आदर्श उपविधींनुसार (मॉडेल बाय-लॉज) जागांपेक्षा सभासदांच्या गाड्या जास्त झाल्या तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप करायचं असतं. सोळा घरं, नऊ जागा: उद्या सोळाही जणांनी गाड्या घेतल्या तर एखाद्या वर्षी तुमची चिठ्ठी निघेल, एखाद्या वर्षी नाही. आज किती गाड्या आहेत ते विचारू नका, स्वतः मोजा, आणि रविवारी रात्री साडेनऊला मोजा. सकाळी अकराला दलाल दाखवतो तेव्हा निम्मे लोक कामावर गेलेले असतात. सेक्रेटरींकडून दोन कागद घ्या: पार्किंगविषयीच्या ठरावाची प्रत आणि या फ्लॅटला आज कुठली जागा, कुठल्या अटीवर आहे याचं पत्र. पत्र द्यायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा.

आणखी एक गोष्ट, जी मुंबईकडच्या लोकांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच इमारतींत सोसायटी नसतेच, 'अपार्टमेंट' असतं. म्हणजे १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखाली केलेलं. तिथे सगळा खेळ घोषणापत्राचा, ज्याला सगळे डीड ऑफ डिक्लरेशन म्हणतात. त्यात काही जागा 'मर्यादित सामायिक' म्हणून ठरावीक सदनिकांना जोडून देता येतात. तुमच्या फ्लॅटच्या क्रमांकासमोर पार्किंगची जागा त्या घोषणापत्रात लिहिलेली असेल तर तुमची बाजू पुष्कळ भक्कम. त्याची नोंदणीकृत प्रत दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातून निघते. हा एक कागद वाचायला अर्धा तास लागतो आणि तो वाचलेला खरेदीदार मला वर्षाला एखादाच भेटतो.

नगरपरिषदेतून मंजूर नकाशाची प्रतही काढा, मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात. नकाशात बारा गाड्या आणि जागेवर नऊ असं दिसलं तर उरलेल्या तिघींचं काय झालं ते बघा. माझ्या अनुभवात तिथे एक गाळा निघतो, शटर लावलेला, आत झेरॉक्सचं दुकान.

हाच फ्लॅट नव्या इमारतीत घेत असता तर थोडं सोपं होतं. महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाने, एप्रिल २०२४ मध्ये आदेश काढलाय की पार्किंगचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि इमारतीतलं ठिकाण वाटपपत्रात आणि करारनाम्याला जोडून द्यायचं. मोकळ्या आकाशाखालचं पार्किंग तर रेरा कायद्याच्या व्याख्येतच सामायिक जागा आहे, ते विकताच येत नाही. मात्र कोकणात एक फट आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत सदनिका असल्या की रेराची नोंदणी लागत नाही, आणि आपल्याकडच्या छोट्या इमारतींपैकी कितीतरी नेमक्या सहा नाहीतर आठ फ्लॅटच्या असतात. अशा ठिकाणी करारनाम्यात हे सगळं आपणच लिहून घ्यायचं.

आता टेप काढा. गाडीच्या जागेचं नियमातलं माप ५ मीटर बाय २.५ मीटर. जुन्या स्टिल्टमध्ये दोन खांबांमधलं निव्वळ अंतर कितीतरी वेळा २.३ भरतं. वॅगनआर १.६२ मीटर रुंद, अर्टिगा १.७३५, तेही आरसे सोडून. २.३ मध्ये अर्टिगा घातली तर दोन्ही बाजूंना मिळून ५६ सेंटिमीटर उरतात. डावी बाजू खांबाला अगदी चिकटवली तरी उजवं दार अर्धंच उघडणार आणि साठीतल्या माणसाने गुडघे वाकडे करत बाहेर पडायचं. वहिनी आधीच बाहेर उतरून उभ्या राहणार, पावसात. हे हसण्यावारी नेऊ नका. मी लोकांना याच कारणासाठी गाडी विकून छोटी घेताना पाहिलंय. आपली गाडी घेऊन जा, विक्रेत्यासमोर लावून बघा, उतरून बघा, डिकी उघडून बघा. एकामागे एक अशा दोन गाड्यांची जागा असेल तर मागच्या गाडीवाला कोण, सकाळी किती वाजता निघतो आणि किल्ली कुणाकडे असते तेही विचारा.

पाण्याचं बघायला विसरू नका. रत्नागिरीचा बराच भाग उंचावर आहे, तिथे स्टिल्टमध्ये पुराची भीती कमी. पण हाच फ्लॅट चिपळूणच्या बाजारपेठेत बघत असता तर मी पार्किंगच्या संख्येविषयी बोललोच नसतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी शहरात शिरली तेव्हा तळमजले बुडाले आणि स्टिल्टमधल्या गाड्या एकमेकींवर चढलेल्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या. त्याआधी २६ जुलै २००५ होतंच. जलसंपदा विभागाच्या पूररेषा असतात, निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या पुराची. नदीकाठच्या गावात घर घेताना पार्किंगची पातळी त्या रेषांशी ताडून बघा. आणि गाडी बुडालीच तर पाणी ओसरल्यावर चावी फिरवू नका. इंजिनात पाणी असताना चालू केल्याने होणारं नुकसान साध्या विम्यात बसत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. त्या जुलैत घाईने चावी फिरवणाऱ्यांनी दुप्पट भोगलं.

आता वाडीतल्या घराकडे येतो. खरं सांगायचं तर तुमचा जीव त्याच घरात अडकलाय असं दिसतंय, फ्लॅटबद्दल तुम्ही चार ओळी लिहिल्या आहेत आणि या घराच्या पडवीबद्दलच बारा.

त्या खालच्या कच्च्या वाटेवर मी सगळा वेळ घालवीन. ती आगरातून जाते, म्हणजे ती कुणाची तरी खाजगी जमीन आहे. गावात विचारलंत तर सांगतील, "वाट कुणी अडवली नाय आजपर्यंत, आमचे आजे जायचे इथनं." आजे चालत जायचे. डोक्यावर भारा घेऊन जायचे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात वीस वर्षं उघडपणे, शांतपणे, हक्क म्हणून, अखंड वापरलेल्या वाटेचा हक्क मिळतो खरा. पण त्याच कायद्यात असंही आहे की एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारची वाट येत नाही. पायवाटेचा हक्क सिद्ध झाला म्हणून तिच्यावरून मोटार नेता येत नाही. आणि "जाऊ देत होते बिचारे चांगुलपणाने" असं तुमच्याच साक्षीदाराने सांगितलं की पायवाटही गेली, कारण परवानगीने वापरलेली वाट कितीही वर्षांनी हक्काची होत नाही. गावातले साक्षीदार हे वाक्य हमखास बोलतात, कारण ते खरं असतं.

तेव्हा आगराच्या मालकाकडून वाटेच्या हक्काचा नोंदणीकृत दस्त हवा. त्यात 'पायी व वाहनाने जाण्या-येण्याचा' असे शब्द, रुंदी फुटांत, सोबत मोजणीचा नकाशा. मग अडतं कुठे? सातबारा काढा, म्हणजे कळेल. कोकणातला सातबारा म्हणजे वंशावळच. तेवीस नावं, त्यातली नऊ मयत, सहा जण परळ-लालबागहून विरार-बदलापूरला गेलेले, एक आत्या कुठे आहे कुणालाच ठाऊक नाही. गावात राहणारा काका मनापासून "घाला हो गाडी" म्हणतो; त्याचा शब्द त्याच्या पुतण्यांना बांधत नाही. सगळ्या सह्या मिळत नसतील तर ती वाट नाही असं धरूनच घराची किंमत करा. मिळाली तर वरकमाई.

काही वेळा नशीब चांगलं निघतं आणि वाट ग्रामपंचायतीचीच असते. ग्रामपंचायतीत नमुना २३ म्हणजे रस्त्यांची नोंदवही. तिथे तो रस्ता, लांबी-रुंदीसकट, लिहिलेला असेल तर निम्मी चिंता मिटली. घरपट्टीचा नमुना ८ तुम्हाला सगळे दाखवतील. तेवीस मागा, ग्रामसेवक एकदा वर बघतील आणि मग काढून देतील.

"समोरचे दोन गुंठे विकत घेऊन पार्किंग करू" हा विचार मनात येईलच. शेतजमीन असेल तर ती घ्यायला आपण शेतकरी असावं लागतं, आणि १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे गुंठा-दोन गुंठ्यांचा दस्त सरळ होत नाही. गावठाणातली किंवा बिनशेती झालेली जागा असेल तर गोष्ट निराळी.

वर रस्त्याकडेची जी मोकळी जागा विक्रेता दाखवतो, "इथे लावा की खुशाल, चार गाड्या मावतात," ती कुणाची? मी एका गावात असंच घर मोजायला गेलो होतो. सुंदर सपाट जागा, कडेला पार, वर पिंपळ. मालक म्हणाला पार्किंग. मी विचारलं, शिमग्यात पालखी कुठे बसते? तो हसला. ती सहाण होती. ज्या जागेवर देवाची पालखी बसते आणि नाचवली जाते तिथे वर्षभर कुणाची गाडी उभी असेल, पण शिमग्याच्या दिवसांत नसते, आणि कायमची शेड तर कधीच नसते. गाव याबाबतीत ऐकत नाही, ऐकूही नये.

गणपतीत मात्र एकदा या. सण संपल्यावर नको, ऐन पाच दिवसांत, संध्याकाळी आरतीच्या सुमाराला. चाकरमान्यांच्या गाड्या वाडीच्या तोंडापर्यंत लागलेल्या असतात. त्या गर्दीत तुमची गाडी निघते का, हा प्रश्न आहेच. पण त्याहून मोठा, रुग्णवाहिका आत येते का? मी साठीच्या पुढच्या प्रत्येकाला हेच विचारतो. स्वतःची गाडी अर्धा किलोमीटरवर राहिली तरी माणूस जगतो. १०८ वर फोन केल्यावर गाडी दारापासून किती पावलांवर थांबते, आणि तिथपर्यंत पावसात, रात्री, खुर्चीत बसवून पाखाडीच्या पायऱ्या चढून नेणारी चार माणसं वाडीत उरली आहेत का? पूर्वी होती. आता कितीतरी घरं अकरा महिने बंद असतात. एप्रिल-मे मध्ये विहीर आटली तर पाण्याचा टँकर, शौचालयाची टाकी उपसायची गाडी, गॅसचा टेम्पो, घर दुरुस्त करायला चिऱ्याचा ट्रक, सगळ्यांना तीच वाट लागते. दरेक चिरा पाखाडीवरून डोक्यावर उतरवायचा तर मजुरी चिऱ्याच्या वर जाते; हे मी बिलं करून सांगतोय.

वरच्या रस्त्यालगत तुमच्याच घराच्या सातबाऱ्यातली दरड थोडी कापून एका गाडीची जागा निघेल असं फोटोवरून वाटतं. होईल. दहा फूट बाय सोळा फूट पुरतं. पण जांभ्याची दरड कोरडी असताना भिंतीसारखी उभी राहते म्हणून लोक ती सरळ उभी कापतात आणि पहिल्या मोठ्या पावसात खालची मऊ माती सुटून सगळं गाडीवर येतं. टप्प्याने कापा, आधाराची भिंत बांधलीत तर पाणी निघायला तिच्यात भोकं ठेवा, वरच्या अंगाला चर काढून पाणी बाजूला वळवा. पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा, बुजवून सपाटी करायचा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. खाडीच्या बाजूच्या खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या जमिनीत, भराव टाकून जागा करणं तर सरळ गुन्हा आहे, कांदळवनाला हात लावायचा नाही.

शेड करायची असेल तर हलकी पत्र्याची करू नका. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दिवेआगरपासून दापोलीपर्यंत असे पत्रे शेजारच्या वाडीत जाऊन पडले होते. माडाखाली गाडी लावू नका, हे तुम्हाला सांगायला नकोच. तरी पहिल्या वर्षी सगळे लावतात. समुद्राच्या खाऱ्या हवेत गाडीवर जाड कव्हर घालून महिनोन् महिने ठेवली की आत ओल धरते आणि पत्रा लवकर गंजतो, त्यापेक्षा वर छप्पर आणि चहूकडून वारा बरा. बोनेटमध्ये उंदीर वायरी कुरतडतात, आणि उंदरामागे काय येतं ते गावचा माणूस जाणतो. पावसाळ्यापुरती शेजाऱ्याच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या शेडवजा घरात, गाडी ठेवायची सोय होत असेल तर वर्षाला ठरावीक पैसे देऊन, साध्या कागदावर का होईना, लिहून ठेवा. फुकट घेतलेली जागा महाग पडते.

किमतीचं. पार्किंग नाही म्हणून 'इतके टक्के कमी' असा ठोकताळा मी वापरत नाही. फ्लॅटच्या बाबतीत जवळपास महिन्याच्या भाड्याने जागा किती रुपयांना मिळते ते चौकशी करून काढा, दहा वर्षांचं भाडं मांडा, तेवढं तरी खाली उतरवा. घराच्या बाबतीत दरड कापणं, आधाराची भिंत, काँक्रीट आणि छप्पर यांचा अंदाज स्थानिक कंत्राटदाराकडून लेखी घ्या आणि तो विक्रेत्यापुढे ठेवा. कागदावरच्या खर्चाशी माणूस कमी भांडतो. शिवाय उद्या तुम्हाला विकायचं झालं तर पुढचा गिऱ्हाईकही याच पाखाडीच्या तोंडाशी उभा राहून पायऱ्या मोजणार आहे.

तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, असं शेवटी विचारलंय. फ्लॅट घोषणापत्रात किंवा ठरावात जागा दिसली तरच घेतला असता. नाही तर तेवढ्याच पैशात शहराजवळच्या नाचणे, कुवारबाव बाजूला थोडं लांब पण पार्किंगवालं काही मिळतं का ते बघितलं असतं. वाडीतलं घर मी घेतलं असतं, पण खालची वाट नाहीच असं समजून, वरच्या दरडीत स्वतःची जागा करून, आणि पाखाडीला दोन्ही बाजूंनी हाताला धरायला पाइपचा कठडा लावून. वरची ती दहा-सोळाची जागा खरंच या घराच्या हद्दीत येते की रस्त्याच्या, हे मोजणीशिवाय मी सांगू शकत नाही. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज विक्रेत्याच्या सहीने आजच टाकायला लावा, खुणा पडेपर्यंत बयाणा देऊ नका. मोजणीच्या दिवशी स्वतः या, लगतच्या गडग्यांचे, म्हणजे दगडी कुंपणांचे, मालक हजर राहतील असं बघा, आणि खुणा दाखवल्या की त्याच दिवशी तिथे चिरे पुरून घ्या.